कापसाच्या बोंडातील विज्ञान : बीटी बियाणे, गुलाबी बोंडअळी आणि आपली जबाबदारी

आपल्या निवासी शाळेत शिकून गेलेल्या विद्यार्थ्यांच्या घरांचा विचार केला, तर त्यांतील फार मोठ्या भागाचा कापसाशी कोणत्या ना कोणत्या रीतीने संबंध आहे. कोणाचे आईवडील दोन-चार एकरांत कपाशी लावतात. कोणाची आई दिवाळीपासून वेचणीला जाते. कोणाचे वडील पाठीवर पंप घेऊन रोजाने फवारणी करतात. कोणाचा भाऊ जिनिंगमध्ये कामाला आहे. १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली, तेव्हापासून विदर्भातील कष्टकरी वस्त्यांच्या कित्येक पिढ्या या धाग्यावर जगल्या. म्हणून या स्मरणिकेसाठी अभ्यासलेख लिहावयाचा ठरले, तेव्हा आम्ही कापूस हाच विषय निवडला.

कापसावर लिहिण्यासारखे पुष्कळ आहे. भाव, कर्ज, आत्महत्या, खरेदी केंद्रे या सर्वांवर वर्तमानपत्रे लिहीतच असतात. आम्ही येथे एकाच प्रश्नाचा विचार करणार आहोत. २००२ साली आलेल्या बीटी बियाण्याच्या कपाशीत शिरलेली बोंडअळी मरत असे. पंधरा वर्षांनी, २०१७ च्या हंगामात, त्याच प्रकारच्या कपाशीची बोंडे फोडली असता आत गुलाबी अळी जिवंत आढळू लागली. हे का घडले? बियाणे बनावट होते म्हणून, की निसर्गाचा काही नियम येथे आपले काम करून गेला? या प्रश्नाच्या उत्तरात वनस्पतिशास्त्र, आनुवंशिकता, पर्यावरण आणि समाज या चारही विषयांचा एक एक धडा आहे.

कापसाची चार कुळे

कापसाच्या सुमारे पन्नास जातींपैकी मनुष्याने केवळ चार लागवडीखाली आणल्या. अर्बोरियम आणि हर्बेशियम या दोन जाती आशिया व आफ्रिका खंडांतील. त्यांनाच आपण देशी कापूस म्हणतो. हिर्सुटम आणि बार्बाडेन्स या दोन अमेरिका खंडातील. भारतीय उपखंडाचा कापसाशी संबंध फार जुना आहे. आज पाकिस्तानात असलेल्या मेहरगढ येथील उत्खननात तांब्याच्या मण्यात अडकलेले कापसाचे धागे सापडले; ते सुमारे सात हजार वर्षांपूर्वीचे मानले जातात.

देशी कापूस आपल्या काळ्या जमिनीला आणि लहरी पावसाला सरावलेला होता. त्याचे मूळ खोल जाते आणि रसशोषक किडींना तो बऱ्याच अंशी दाद देत नाही. मात्र त्याचा धागा सर्वसाधारणपणे आखूड. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू असताना तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला एकाएकी मागणी आली. परंतु गिरणीच्या यंत्रांना हवा होता लांब धागा. पुढील शतकभरात अमेरिकन कुळातील हिर्सुटम कापूस हळूहळू पुढे आला आणि देशी वाण मागे पडत गेले.

दुसरे मोठे वळण १९७० साली आले. सुरत येथील संशोधन केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी ‘एच-४’ हा कापसाचा संकर तयार केला. व्यापारी लागवडीसाठी आलेला जगातील हा पहिला कापूस-संकर. संकरित कपाशी जोमाने वाढते आणि पुष्कळ बोंडे धरते. पण तिची सरकी पुढील वर्षी पेरली तर सर्व झाडे सारखी येत नाहीत. म्हणून बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागते. बियाणे महाग, म्हणून ते विरळ लावावे लागते. झाड विरळ, म्हणून ते मोठे होते आणि दीर्घकाळ शेतात उभे राहते. जगातील इतर कापूस उत्पादक देश मुख्यतः सरळ वाण लावतात. जवळजवळ सर्व क्षेत्र संकरित कपाशीखाली आणणारा मोठा देश भारतच. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढील विवेचनात तिला फार महत्त्व आहे.

बीटी म्हणजे नेमके काय

मातीत राहणारा ‘बॅसिलस थुरिंजिएन्सिस’ नावाचा एक जिवाणू आहे. १९०१ साली जपानमध्ये इशिवाता यांना तो मरणाऱ्या रेशीम किड्यांत आढळला. पुढे १९११ साली जर्मनीच्या थुरिंजिया प्रांतात बर्लिनर यांनी पिठातील अळीपासून तो वेगळा करून त्याला नाव दिले. या जिवाणूच्या शरीरात एका प्रथिनाचे स्फटिक तयार होतात. अळीच्या पोटातील रस अल्कधर्मी असतो. तेथे हे स्फटिक विरघळतात, प्रथिन कार्यक्षम होते आणि आतड्याच्या अस्तरावरील विशिष्ट ग्राहकांना जाऊन चिकटते. कुलूप आणि किल्ली यांचे जसे नाते असते, तसे या ग्राहकाचे आणि प्रथिनाचे आहे. किल्ली बसली की अस्तराला छिद्रे पडतात, अळी खाणे थांबवते आणि मरते. मनुष्याच्या जठरातील रस आम्लधर्मी असतो आणि आपल्या आतड्यात ते ग्राहक नसतात. म्हणून हे प्रथिन अळीला जसे मारते तसे आपल्याला मारीत नाही.

शास्त्रज्ञांनी हे प्रथिन तयार करण्याची सूचना देणारे जनुक जिवाणूतून काढून कपाशीत घातले. मार्च २००२ मध्ये भारत सरकारने अशा तीन बीटी संकरांच्या लागवडीस परवानगी दिली. त्यांत ‘क्राय-१-एसी’ हे एकच प्रथिन होते. २००६ साली ‘क्राय-२-एबी’ या दुसऱ्या प्रथिनाची जोड मिळालेले बियाणे आले. शेतकरी ज्याला ‘बीजी-टू’ म्हणतात ते हेच.

पहिल्या वर्षांचा लाभ आणि त्यावरील वाद

बीटी येण्यापूर्वी कापूस हे सर्वांत जास्त कीटकनाशके खाणारे पीक होते. देशाच्या लागवडीखालील क्षेत्रापैकी सुमारे ५ टक्के क्षेत्र कापसाचे, पण कीटकनाशकांचा जवळजवळ निम्मा वापर त्याच्यावर, असा अंदाज नेहमी दिला जाई. अमेरिकन बोंडअळी कोणत्याच औषधाला जुमानत नव्हती. अशा वेळी बीटी कपाशी आली आणि आरंभीच्या वर्षांत बोंडअळीसाठीच्या फवारण्या खरोखरच कमी झाल्या. देशाची सरासरी उत्पादकता २००१-०२ च्या सुमारास हेक्टरी ३०० किलो रुईच्या आसपास होती. २००७-०८ मध्ये ती साडेपाचशेच्या घरात गेली. २०११ च्या सुमारास कापसाचे ९० टक्क्यांहून अधिक क्षेत्र बीटीखाली आले होते.

या वाढीचे श्रेय कोणाला द्यावयाचे, यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत आणि विद्यार्थ्यांनी दोन्ही बाजू समजून घेतल्या पाहिजेत. काथागे आणि काइम या अभ्यासकांनी २००२ ते २००८ या काळातील शेतकरी कुटुंबांच्या पाहणीवरून २०१२ साली असा निष्कर्ष काढला की, बीटीमुळे एकरी उत्पादन २४ टक्क्यांनी आणि कापसाचा नफा ५० टक्क्यांनी वाढला. उलट, नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक डॉ. केशव क्रांती आणि ग्लेन स्टोन यांनी २०२० साली दीर्घ काळाचे आकडे तपासून दाखवले की, वाढीतील मोठा वाटा खतांचा आणि इतर घटकांचा होता. त्यांच्या मते शेतकऱ्यांचा कीटकनाशकांवरील खर्च पुढे बीटीपूर्व काळापेक्षाही जास्त झाला. आमच्या मते या दोन अभ्यासांत दिसतो तेवढा विरोध नाही. पहिला अभ्यास आरंभीच्या सात वर्षांचा आहे, दुसरा त्यानंतरचीही वर्षे पाहतो. आरंभी औषध लागू पडले. पुढे ते लागू पडेनासे झाले. २००७-०८ नंतर राष्ट्रीय उत्पादकतेची चढण थांबली आणि काही वर्षी ती ४५० किलोच्या आसपास उतरली. आपल्या राज्यातील बहुतांश कापूस कोरडवाहू असल्यामुळे येथील सरासरी देशाच्या सरासरीहूनही खाली राहते.

गुलाबी अळीचा स्वभाव

गुलाबी बोंडअळीचे शास्त्रीय वर्णन प्रथम १८४३ साली सॉन्डर्स यांनी केले आणि त्यासाठीचे नमुने भडोचचे होते. म्हणजे ही कीड आपल्याकडे पाहुणी नव्हे. तिचा पतंग लहान, करड्या रंगाचा आणि रात्री फिरणारा. मादी पात्या, फुले आणि कोवळ्या बोंडांजवळ अंडी घालते. चार-पाच दिवसांत निघालेली बारीक पांढुरकी अळी फुलात किंवा बोंडात शिरते. फुलात शिरली तर पाकळ्या आतून जाळ्याने बांधल्या जाऊन फूल गुलाबाच्या कळीसारखे मिटलेले राहते. यालाच डोमकळी म्हणतात. बोंडात शिरली तर तिने केलेले छिद्र बुजून जाते. बाहेरून बोंड हिरवे, निरोगी दिसते. आत मात्र अळी सरकी खात असते. वेचणीच्या वेळी कवडी कापूस हाती आल्यावरच नुकसान कळते. अळी आत बंद असल्यामुळे वरून कितीही फवारले तरी औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही.

तिचे आणखी एक वैशिष्ट्य महत्त्वाचे आहे. अमेरिकन बोंडअळी तूर, हरभरा, टोमॅटो अशा अनेक पिकांवर जगते. गुलाबी अळीचे पोट मात्र जवळजवळ संपूर्णपणे कपाशीवर अवलंबून आहे. आणि कपाशी संपली की ती सरकीत, सुकलेल्या बोंडांत आणि पऱ्हाटीच्या गंजीत सुप्तावस्थेत पडून राहते आणि पुढील हंगामाची वाट पाहते.

प्रतिकारशक्ती कशी आली

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. लक्षावधी अळ्यांत एखादी अळी अशी असते की, तिच्या आतड्यातील ‘कुलूप’ जन्मतःच थोडे निराळे असते. बीटीची किल्ली त्यात बसत नाही. अशी अळी बीटी बोंड खाऊनही जगते. अळीने प्रयत्नपूर्वक ही शक्ती मिळवली असे नव्हे. ती आधीपासूनच क्वचित कोठे होती. बीटी कपाशीने इतर सर्व अळ्या मारल्या आणि तेवढ्याच शिल्लक ठेवल्या. डार्विनने सांगितलेली नैसर्गिक निवड ती हीच.

हे घडणार याची शास्त्रज्ञांना आरंभापासून कल्पना होती आणि त्यावरील उपायही बियाण्याबरोबरच दिला होता. ४५० ग्रॅम बीटी बियाण्याच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाण्याची छोटी पुडी मिळत असे. शेताच्या कडेने किमान पाच ओळी किंवा २० टक्के क्षेत्र या बियाण्याचे लावावे, असा नियम होता. यांना आश्रय ओळी म्हणतात. किडीला मुद्दाम आश्रय द्यावयाचा, हे ऐकून शेतकऱ्याला नवल वाटणे साहजिक आहे. म्हणून यामागचे गणित येथे मांडतो.

समजा, एका शिवारातील बीटी कपाशीतून दहा प्रतिकारक पतंग वाचून बाहेर आले. आसपास दुसरी कपाशीच नसेल, तर या दहांचे आपापसांत मीलन होईल आणि सारी संतती प्रतिकारक निपजेल. पण शेजारच्या आश्रय ओळींतून पाच हजार साधे पतंग निघाले असतील, तर त्या दहांपैकी जवळजवळ प्रत्येकाची जोडी साध्या पतंगाशीच जमेल. प्रतिकाराचा हा गुण बहुधा अप्रभावी असतो. आई आणि बाप दोघांकडून आला तरच तो प्रकट होतो. मिश्र जोडीची पिल्ले बीटी बोंड खाताच मरतात आणि प्रतिकाराचा प्रसार थांबतो. आश्रय ओळींतील थोडे नुकसान हा शिवारातील उरलेल्या कपाशीचा विमा होता.

प्रत्यक्षात काय झाले, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. ती पुडी बांधावर पडली किंवा फेकली गेली. पुडी कशासाठी आहे, हे बहुतेकांना कोणी समजावून सांगितलेच नाही. ज्यांना ते कळले होते, त्यांच्यापुढेही अडचण होती. १९१८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भारतातील लहान धारणक्षेत्रांवर लिहिलेल्या निबंधात असे प्रतिपादन केले की, शेत लहान की मोठे हे केवळ एकरांवरून ठरत नाही. त्या जमिनीला भांडवल, अवजारे आणि श्रम यांची कितपत जोड आहे, यावरून ते किफायतशीर की तोट्याचे हे ठरते. दोन एकरांच्या कोरडवाहू शेतकऱ्याला २० टक्के कपाशी अळीसाठी सोडा, असे सांगणे म्हणजे साऱ्या गावाच्या विम्याचा हप्ता ज्याच्यापाशी भांडवल नाही त्याच्याकडून मागणे होय. ही जबाबदारी गावाने मिळून उचलावयाची, अशी रचना कोणी केली नाही.

संकरित बियाण्याने या अडचणीत भर घातली. संकराच्या दोन जनकांपैकी एकाकडूनच बीटी जनुके येतात. अशा झाडाच्या बोंडात जी सरकी धरते, तिच्यात ही जनुके मेंडेलच्या नियमानुसार विभागली जातात. दोन जनुकांचे गुणोत्तर, विज्ञानाच्या पुस्तकात शिकवतात तेच, ९:३:३:१ असे असते. सोळा सरक्यांपैकी नऊंत दोन्ही प्रथिने, सहांत कोणते तरी एक आणि एकीत एकही नाही. गुलाबी अळी तर सरकीच खाते. एकाच बोंडात तिला कधी पूर्ण, कधी अर्धी मात्रा मिळत गेली. अर्धवट मात्रेत घेतलेल्या प्रतिजैविकाने रोगजंतू जसे निर्ढावतात, तसेच हे आहे. शिवाय संकरित कपाशी दीर्घ मुदतीची. त्यात ओलिताची सोय असलेल्यांनी फरदड घेऊन ती फेब्रुवारी-मार्चपर्यंत उभी ठेवली. अळीला एका पिढीमागून दुसरी पिढी वाढवण्यास अन्न अखंड मिळत राहिले.

परिणाम ठरलेला होता. मार्च २०१० मध्ये गुजरातेतील अमरेली, भावनगर, जुनागढ आणि राजकोट या जिल्ह्यांत पहिल्या प्रथिनाला दाद न देणारी गुलाबी अळी आढळल्याचे जाहीर झाले. ते दशक संपण्यापूर्वी दुसऱ्या प्रथिनाचाही प्रभाव तिच्यावर उरला नाही. अमेरिकन बोंडअळीच्या बाबतीत मात्र तसे झाले नाही, कारण तूर, हरभरा यांसारख्या पिकांनी तिच्यासाठी नैसर्गिक आश्रयाचे काम केले.

फवारणाऱ्याच्या देहावर आलेला भार

या अपयशाची किंमत सर्वांनी सारखी मोजली नाही. २०१७ च्या पावसाळ्याअखेर यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना शेकडो जणांना विषबाधा झाली आणि वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्या वर्षी कपाशी डोक्याच्या वर गेली होती. मजूर दाट झाडांत शिरून वरच्या दिशेने फवारीत होते आणि औषधाचे तुषार त्यांच्याच तोंडावर, छातीवर पडत होते. जोरदार दाबाचे पंप, दमट उकाडा, दोन-तीन औषधांचे एकत्र मिश्रण आणि अंगावर साधा सदरा. रोजाने फवारणारा मनुष्य औषध निवडीत नाही. मालक आणि दुकानदार देतील ते तो मारतो. त्याला डब्यावरील सूचना वाचता याव्यात एवढ्या मोठ्या अक्षरांत त्या बहुधा छापलेल्याही नसतात.

म्हणून काही गोष्टी आपल्या प्रत्येक घरी ठाऊक असल्या पाहिजेत. कीटकनाशकाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी. त्याखाली अनुक्रमे पिवळा, निळा आणि हिरवा. लाल त्रिकोणाचे औषध शक्य तो टाळावे. औषधे मनाने एकत्र करू नयेत. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने आणि उपाशीपोटी फवारू नये. तोंड, डोळे, हात झाकावेत. काम संपताच साबणाने स्नान करावे आणि ते कपडे वेगळे धुवावेत. मळमळ, घाम, अंधुक दिसणे, तोंडाला लाळ सुटणे अशी लक्षणे दिसताच रुग्णालय गाठावे आणि औषधाचा डबा किंवा त्यावरील कागद सोबत न्यावा. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त औषधांच्या विषबाधेवर ॲट्रोपिन हा उतारा आहे. परंतु सर्वच औषधांवर असा उतारा उपलब्ध नाही. डॉक्टरांना विष कोणते हे कळले, तर उपचारातील मोलाचा वेळ वाचतो.

निसर्गाचा ताळेबंद

बोंडअळीच्या फवारण्या कमी झाल्यावर शेतात दुसऱ्या किडींना वाव मिळाला. मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी या रसशोषक किडींवर बीटीचा परिणाम होत नाही. चीनमध्येही बीटी कापसाच्या प्रसाराबरोबर मिरिड ढेकण्यांचा उपद्रव वाढल्याचे २०१० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले. आपल्याकडे २००६ नंतरच्या काही हंगामांत पिठ्या ढेकणाने थैमान घातले. पण दोन-तीन वर्षांत तो मागे हटला. त्यात मोठा वाटा ‘एनासियस’ नावाच्या एका इवल्या गांधीलमाशीचा होता. ती पिठ्या ढेकणाच्या अंगात अंडी घालते आणि तिची अळी त्याला आतून खाऊन टाकते. क्रायसोपा, ढालकिडा, ट्रायकोग्रामा हेही असेच मित्रकीटक. पहिल्या दोन महिन्यांत जहाल औषध मारले, की शत्रूच्या आधी हे मित्र मरतात आणि पुढे साऱ्या हंगामभर फवारणीवाचून गत्यंतर उरत नाही.

पिकांच्या रचनेतही असाच बदल झाला. कपाशीच्या ओळींमध्ये ज्वारी आणि तूर घेण्याची आपल्याकडे जुनी रीत होती. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने कापूस, ज्वारी, तूर, ज्वारी यांच्या ६:१:२:१ ओळींची शिफारस केलेली आहे. ज्वारीवर पक्षी बसतात आणि अळ्या टिपतात. मित्रकीटकांना आसरा मिळतो. तुरीची मुळे जमिनीत नत्र साठवतात. घरात भाकर आणि डाळ येते. गुरांना कडबा मिळतो. सलग कपाशीने हे सारे हिरावले. नत्रखताचा वापर वाढला. त्यातील जो भाग पीक घेत नाही त्याचा काही अंश नायट्रस ऑक्साइड वायूच्या रूपाने हवेत जातो आणि शंभर वर्षांच्या हिशेबाने हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट तापवणारा आहे. पऱ्हाटी जाळली तर जमिनीला मिळू शकणारा सेंद्रिय कर्बही धुरातून जातो.

दोन देशांचा अनुभव

गुलाबी अळी अजिंक्य आहे, असा निष्कर्ष वाचकांनी काढू नये. १९१७ साली ती अमेरिकेत टेक्सास राज्यात शिरली आणि पुढे ॲरिझोनातील कापसाची मोठी शत्रू झाली. १९९६ पासून तेथे बीटी कापूस आला. तेथील शेतकऱ्यांनी आश्रय क्षेत्राचा नियम पाळला आणि ठरलेल्या तारखेपूर्वी पऱ्हाटी उपटून जमीन नांगरली. २००६ पासून त्यास वंध्य पतंगांची जोड मिळाली. प्रयोगशाळेत वाढवून किरणोत्साराने वंध्य केलेले अब्जावधी पतंग विमानांतून सोडण्यात आले. त्यांच्याशी मीलन झालेल्या मादीला संततीच होत नसे. ऑक्टोबर २०१८ मध्ये अमेरिकेने आपल्या कापूस पट्ट्यातून या किडीचे उच्चाटन झाल्याचे जाहीर केले. आपल्या शेतात अळी निर्ढावली होती, त्याच दशकात त्याच प्रथिनाच्या साह्याने तेथे ती नाहीशी झाली. तेथील मोठी शेते, सरकारी पैसा आणि संघटित शेतकरी हे आपल्याजवळ नाही, हे खरे.

पण चीनमधील यांगत्से नदीच्या खोऱ्याचे उदाहरण लहान शेतकऱ्यांचे आहे. तेथे अनेकांनी बीटी संकराची दुसऱ्या पिढीची सरकी पेरली. त्या पिढीत सुमारे एक चतुर्थांश झाडे बीटी जनुकाविना येतात. त्यामुळे शेतभर विखुरलेला आश्रय नकळत तयार झाला आणि वाढू लागलेला प्रतिकार पुन्हा ओसरला, असे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले. वेगळी पुडी देण्याऐवजी बिगर-बीटी बियाणे पाकिटातच मिसळून देण्याची पद्धत आपल्याकडे अलीकडे आली, ती याच तत्त्वावर. मात्र गुलाबी अळी दोन्ही प्रथिनांना निर्ढावल्यानंतर आलेल्या या सुधारणेचा उपयोग मर्यादित आहे.

आता काय करता येईल

नवे जनुक येईल आणि अळी पुन्हा मरेल, अशी वाट पाहत बसणे योग्य नाही. नवे जनुक आले तरी वरील नियम त्यालाही लागू राहतील. जे आज करता येण्यासारखे आहे, ते असे :

१. गावात पेरणी शक्य तो एकाच सुमारास, पुरेसा पाऊस झाल्यावर करावी. आगाप पेरलेली कपाशी पहिल्या पतंगांना अन्न पुरवते.

२. मध्यम मुदतीचे, लवकर निघणारे वाण निवडावेत. हलक्या जमिनीत देशी किंवा सरळ वाणांची दाट लागवड करण्याविषयी केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि कृषी विद्यापीठ यांचा सल्ला घ्यावा.

३. पीक ४५ दिवसांचे झाल्यापासून हेक्टरी ५ कामगंध सापळे लावून पतंग मोजावेत. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात ८ किंवा अधिक पतंग सापडले, तर कीड नुकसानीच्या पातळीवर आली असे समजावे.

४. दर आठवड्याला एकरी २० हिरवी बोंडे फोडून पाहावीत. त्यांपैकी दोन बोंडांत अळी असेल, म्हणजे १० टक्के, तरच औषधाचा विचार करावा. डोमकळ्या दिसताच तोडून नष्ट कराव्यात. आरंभीच्या काळात ५ टक्के निंबोळी अर्क वापरावा.

५. डिसेंबरअखेर, फार तर जानेवारीत, पीक संपवावे. फरदड घेऊ नये. पऱ्हाटी बांधावर रचून ठेवण्याऐवजी तिचा भुगा करून कंपोस्ट खतात वापरावा. जिनिंगच्या आवारातही सापळे लावावेत.

यांतील पाचवी गोष्ट सर्वांत अवघड आहे, हे आम्ही जाणतो. हातात पैसा नसताना फरदडीचे दोन-तीन क्विंटल सोडून देणे सोपे नाही. एकट्याने सोडले आणि शेजाऱ्याने ठेवले, तर सोडणाऱ्याचे दुहेरी नुकसान होते. पतंगाला बांध कळत नाही. म्हणून हा निर्णय ग्रामसभेत, साऱ्या शिवारासाठी आणि सर्वांना मान्य होईल अशा रीतीने झाला पाहिजे. फवारणीच्या मजुरांना संरक्षक साहित्य देण्याचा विषयही त्याच सभेत घेता येईल.

आपल्या माजी विद्यार्थ्यांत आज कृषी पदवीधर आहेत, शिक्षक आहेत, परिचारिका आहेत, ग्रामपंचायतींचे सदस्य आहेत. २००२ साली बियाण्याचे पाकीट गावोगाव पोहोचले, पण सोबतच्या पुडीचा अर्थ पोहोचला नाही. तो अर्थ समजावून सांगणारा मनुष्य त्या वेळी गावात असता, तर पुढचा इतिहास काही अंशी तरी निराळा झाला असता, असे आम्हांस वाटते. अशी माणसे आता आपल्या प्रत्येक गावात आहेत. आमची त्यांना विनंती आहे की, येत्या खरिपात आपल्या गावातील पाच-सहा शेतकरी आणि फवारणी करणारे मजूर यांना एकत्र बसवून हा विषय समजावून सांगावा. शाळेतील विद्यार्थ्यांनीही गावी गेल्यावर वीस बोंडांची मोजणी स्वतः करावी. तारीख, शेताचे ठिकाण, फोडलेली बोंडे आणि सापडलेल्या अळ्या यांची नोंद वहीत ठेवावी आणि ती विज्ञान शिक्षकांना दाखवावी. अनेक गावांच्या अशा नोंदी एकत्र आल्या, तर आपल्या परिसरात अळी कोणत्या आठवड्यात येते, हे आपल्याला दुसऱ्या कोणाला विचारावे लागणार नाही.